रफू, ठिगळ व दंड

वापराने विरलेल्या, काट्याला अडकून फाटलेल्या, ठिणगीने जळालेल्या किंवा उंदराने कुरतडलेल्या कापडातील भोक सुईदोऱ्याने बुजविण्याच्या तीन मुख्य रीती मराठवाड्यात आढळतात. कापडाची गेलेली वीण धाग्याधाग्याने पुन्हा उभी करणे म्हणजे रफू. दुसऱ्या कापडाचा तुकडा भोकावर वरून किंवा आतून बसविणे म्हणजे ठिगळ. आणि विरलेला पट्टा कापून टाकून उरलेले दोन धड भाग एकमेकांस जोडणे म्हणजे दंड अथवा दांड. उसवलेल्या शिवणीवर पुन्हा टीप मारणे यांत मोडत नाही, कारण तेथे दोरा तुटलेला असतो, कापड नव्हे.

रफू हा शब्द मराठीत फार्सीमार्गे आला, यावर मतभेद नाही. मूळ मात्र फार्सी मानावे की अरबी, याविषयी दोन पक्ष संभवतात. अरबीत ‘रफअ’ हा धातू वस्त्र सांधणे या अर्थी असून रफू करणाऱ्यास ‘रफ्फा’ अशी संज्ञा आहे. फार्सीत ‘रफू’ आणि ‘रफूगर’ ही रूपे रूढ झाली. मराठी कोशांत या शब्दापुढे फार्सीचा निर्देश असतो, तो शब्द कोणत्या वाटेने आला ते सांगण्यापुरता योग्य आहे. धातू अरबी असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. बहमनी राजवटीपासून (स्थापना १३४७) निजामाच्या अमलाच्या अखेरीपर्यंत (१९४८) फार्सी व नंतर उर्दू यांच्याशी मराठवाड्याचा जो अखंड संबंध राहिला, त्यात दर्जी, बखिया, अस्तर यांसारखे शिवणकामातील शब्द स्थिरावले आणि रफूही त्यांतलाच असावा. ‘रफूचक्कर होणे’ या वाक्प्रचाराचा संबंध रफू नजरेस न येण्याशी जोडला जातो. तो तर्कच समजावा.

शब्द परका असला, तरी कृती परकी नाही. ‘तुणणे’ हे आता मागे पडलेले मराठी क्रियापद बारीक टाक्यांनी कापड सांधणे या अर्थाचे असून ते संस्कृत ‘तुन्न’ (तुद् म्हणजे टोचणे) याच्याशी जोडले जाते. तुणतुण्याशी त्याचा संबंध नाही. अमरकोश या संस्कृत शब्दकोशात ‘तुन्नवायस्तु सौचिकः’ असे आले आहे आणि त्यावरून तुन्नवाय म्हणजे सरसकट शिंपी असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. परंतु या समासाचे उत्तरपद ‘वाय’ हे विणणे या अर्थाच्या धातूवरून आलेले आहे, आणि अमरकोशाच्या त्याच ओळीत तंतुवाय म्हणजे विणकर हा शब्द शेजारीच आहे. जो नुसते कापून शिवतो त्याला ‘विणणारा’ का म्हणावे, हा प्रश्न सरसकट शिंपी या अर्थाने सुटत नाही. टोचून विणणारा, म्हणजे सुईने वीण घालणारा, असा अर्थ घेतल्यास सुटतो. म्हणून तुन्नवाय हा मुळात रफूगार असावा व पुढे त्याचा अर्थ विस्तारला असावा, हा पक्ष येथे अधिक ग्राह्य मानला आहे.

पाली विनयपिटक म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ; त्यातील महावग्गाच्या चीवरविषयक (भिक्षूंच्या वस्त्रांविषयीच्या) प्रकरणाचा आधारही याच बाजूस झुकतो. तेथे भिक्षूंना जीर्ण चीवरासाठी अग्गळ, तुन्न, ओवट्टिक, कण्डुसक आणि दळ्हीकम्म अशा कृतींची अनुज्ञा आहे. अग्गळ म्हणजे ठिगळ व दळ्हीकम्म म्हणजे कापडास बळकटी आणणे, हे अर्थ बरेचसे निश्चित आहेत. ओवट्टिक व कण्डुसक या संज्ञांचे अर्थ निरनिराळे लावले जातात. तुन्न येथे ठिगळाहून वेगळे मोजले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सुमारे इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून इ. स. पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत खोदल्या गेलेल्या अजिंठ्याच्या विहारांत राहणाऱ्या भिक्षूंनाही असेच नियम लागू असावेत, एवढे अनुमान त्यावरून काढता येते.

संत नामदेव शिंपी कुळातले. त्यांचे जन्मस्थान हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे बहुमान्य आहे, मात्र पंढरपूरचा पक्षही मांडला जातो. गुरू ग्रंथसाहिबातील त्यांच्या पदात सोन्याची सुई व रुप्याचा धागा यांचे रूपक येते. ते शिवणकामाचे आहे, त्याचा रफूसाठी पुरावा म्हणून उपयोग करू नये.

रफूसाठी लागणारा धागा शक्यतो त्याच वस्त्रातून, म्हणजे शिवणीच्या आत दडलेल्या पट्टीतून किंवा दुमडलेल्या काठातून उसवून काढतात. बाजारातला धागा रंगाने जुळला, तरी पीळ आणि झीज यांमुळे वेगळा उमटतो. भोकाच्या कडेचे सुटे तंतू कापून, भोकाबाहेर धड कापडात थोडे अंतर राखून, प्रथम उभे धागे ओळीने घालतात. प्रत्येक वळणावर धागा ताणून न घेता बारीकसा फास ढिला ठेवतात, कारण नवा धागा धुतल्यावर आटतो आणि फास नसल्यास रफूभोवती कापड चुणते. मग आडवा धागा एक वर, एक खाली असा गुंफत नेतात. साध्या विणीस हे पुरते. तिरप्या रेषेच्या विणीत मात्र दोन धागे वर, दोन खाली असा क्रम धरून प्रत्येक ओळीस एक धागा पुढे सरकावा लागतो, नाहीतर भोक बुजते पण डाग पडल्यासारखे दिसत राहते.

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) हिमरूत व पैठणीत हे काम अवघड होते. हिमरू हे किनखाबाच्या (जरीच्या वेलबुट्टीच्या रेशमी कापडाच्या) धर्तीचे कापड. त्यात ताणा (उभे धागे) सुती व बाणा (आडवे धागे) रेशमी असतो, आणि नक्षीचे जादा धागे मागच्या अंगाला सुटे लोंबतात. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली तेव्हा हे विणकर आले, ही परंपरागत समजूत आहे. हिमरूला रफू करताना आधी मागचे सुटे धागे बाजूस घेऊन जमिनीची, म्हणजे नक्षीखालच्या मूळ कापडाची, सुती-रेशमी वीण भरावी लागते व नंतर नक्षीचा धागा वेगळा फिरवावा लागतो. पैठणीचा पदर उलटसुलट सारखाच दिसतो, कारण नक्षीतील निरनिराळ्या रंगांचे आडवे धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात. त्यामुळे टोके मागे लपविण्याची रफूगाराची नेहमीची सोय येथे राहत नाही. धूपछाव पैठणीत ताण्याचा रंग एक व बाण्याचा दुसरा, म्हणून दोन रंगांचे धागे लागतात आणि त्यांची दिशा चुकली की कापडाची झाक बदलते. जरीचा धागा हा रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेला चपटा धातूचा तार असल्याने सुईच्या नेढ्यातून वारंवार ओढल्यास उलगडतो. म्हणून अंग विरलेल्या पैठणीत रफूपेक्षा काठ-पदर सोडवून नव्या वस्त्रास जोडणे पुष्कळदा पसंत करतात.

दंड हा घरगुती प्रकार असून तो मुख्यतः न शिवता नेसण्याच्या वस्त्रांत संभवतो. नऊवारी लुगडे व धोतर काष्ट्याच्या आणि बैठकीच्या जागी आधी विरते, पण टोकांकडे धड राहते. मधला पट्टा कापून दोन्ही तुकडे जोडले की वस्त्र लांबीला थोडे कमी पडते, पण आणखी काही दिवस चालते. काही वेळा तुकडे उलटे फिरवून विरल्या कडा बाहेर टाकतात. दंडाची शिवण चपटी दुमडून दोन्ही कडा आत घेतात, अन्यथा ती अंगाला टोचते. त्यापलीकडे गेलेले लुगडे वाकळेच्या म्हणजे गोधडीच्या थरांत जाते आणि धावदोऱ्याने बांधले जाते. वाकळ फाटली की तिलाही वरून ठिगळ बसते, त्यामुळे जुन्या वाकळेत कापडांच्या दोन-तीन पिढ्या एकावर एक सापडतात. बोहारणीला भांड्यांच्या बदल्यात देण्याजोगे वस्त्र कोणते आणि दंड घालण्याजोगे कोणते, ही निवड घरातील बायकाच करीत.

ठिगळाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. तुकडा भोकाहून मोठा, धुऊन आटवलेला आणि उभ्या धाग्याची दिशा मूळ कापडाशी जुळवून घ्यावा, इतकेच पथ्य आहे. गोणपाट व पोती दाभणाने सुतळी ओवून, तर घोंगडी लोकरीच्या धाग्याने सांधतात. ‘आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार’ ही म्हण सर्वत्र परिचित आहे. अंगावरचे वस्त्र तसेच शिवावे लागल्यास तोंडात काडी धरण्याचा प्रघात अनेक घरांत होता.

शिवणयंत्रावर कापड पुढे ढकलणारे दाते खाली उतरवून, कापड हाताने मागेपुढे फिरवून रफू करता येतो. तो धाग्यांची वीण न जुळविता भोकावर टाक्यांची दाट जाळी घालतो, म्हणून काटेकोर अर्थाने त्यास रफू म्हणावे का, हा प्रश्न उरतो. जीनच्या विजारींसाठी आज हीच रीत प्रामुख्याने वापरली जाते. तिन्ही रीतींना एक अपवाद आहे. नांदेड येथे राष्ट्रध्वजासाठी खादी तयार होते. पण २००२ च्या ध्वजसंहितेनुसार फाटका ध्वज लावता येत नाही आणि तो खासगीत, शक्यतो जाळून, संपूर्णपणे नष्ट करावयाचा असतो.