सी अर्चिन पालन (रीफ टँकमधील शेवाळ नियंत्रणासाठी)

खाऱ्या पाण्याच्या ज्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवले जाते, तिला रीफ टँक म्हणतात. अशा टाकीतील दगडांवर आणि काचांवर माजणारे शेवाळ आटोक्यात राहावे म्हणून सी अर्चिन हा काटेरी सागरी प्राणी तिच्यात पाळण्याची पद्धत जगभर रूढ आहे. अर्चिन हा कंटकचर्मी संघातील प्राणी असून तारामासा आणि सागरी काकडी हे त्याचे नातलग होत. त्याच्या सुमारे ९५० जाती ज्ञात आहेत. परंतु टाकीत शेवाळ खाण्याच्या कामी येतात त्या त्यांतील मोजक्याच.

काचेवर चढलेल्या अर्चिनची खालची बाजू बाहेरून पाहिली म्हणजे त्याच्या कामाची पद्धत सहज समजते. काट्यांच्या मधून दोऱ्यासारखे बारीक नलिकापाद बाहेर येतात, काचेला चिकटतात आणि आखडून शरीराला इंचइंच पुढे ओढतात. मधोमध तोंड असते. त्यात पाच पांढरे दात एका बिंदूवर येऊन मिळतात, उघडतात, पुन्हा मिटतात आणि प्रत्येक घासाला काचेवरचा हिरवा थर पंचकोनी ठशाने निघून येतो. या दातांना आधार देणाऱ्या सुमारे चाळीस कठीण भागांच्या रचनेला, ॲरिस्टॉटलने तिचे वर्णन केले असल्याने, ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. दात झिजतात तसे मुळाकडून वाढत राहतात आणि झिजतानाच त्यांना धार येते. शेवाळासाठीच टाकीत पाळली जाणारी गोगलगाय दगडाच्या पृष्ठभागावरचा कोवळा थर चाटते. अर्चिन मात्र दगडाचा वरचा पापुद्राही शेवाळाच्या मुळासकट खरवडून काढतो. दोघांच्या उपयोगातला फरक येथूनच सुरू होतो.

प्रवाळभित्तींवर अर्चिनचे महत्त्व किती, हे कॅरिबियन समुद्रात ते नाहीसे झाले तेव्हा कळले. जानेवारी १९८३ मध्ये पनामाच्या किनाऱ्याजवळ डायडेमा अँटिलारम या लांब काट्यांच्या अर्चिनमध्ये सुरू झालेली साथ सुमारे वर्षभरात संपूर्ण कॅरिबियनमध्ये पसरली आणि बहुतेक ठिकाणी नव्वद टक्क्यांहून अधिक अर्चिन मेले. जमैकाच्या भित्तींवर शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीमुळे आधीच विरळ झाले होते, १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते, आणि आता अर्चिनही उरले नाहीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथे निम्म्या तळावर असलेले प्रवाळ १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पाच टक्क्यांच्याही खाली आले आणि त्याची जागा शेवाळाने घेतली. २०२२ मध्ये याच जातीवर पुन्हा साथ आली. तिचे कारण एक पक्ष्माभिकाधारी (अंगावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेला) एकपेशीय परजीवी असल्याचे २०२३ मध्ये निश्चित झाले.

याच्या उलट उदाहरण हवाईतील ओआहू बेटाच्या कानेओहे उपसागराचे आहे. बाहेरून आलेल्या शेवाळाने तेथील प्रवाळ झाकले गेले, तेव्हा राज्याच्या जलजीव विभागाने आधी पंपांनी शेवाळ खेचून काढले आणि मग त्याच खडकांवर हॅचरीत (अंड्यांपासून पिले वाढवण्याच्या केंद्रात) वाढवलेले ट्रिप्न्यूस्टेस ग्राटिला जातीचे अर्चिन सोडले. हा क्रम टाकीतही तंतोतंत लागू पडतो. बोटभर लांब वाढलेल्या केसाळ शेवाळाच्या जंगलात एकटा अर्चिन सोडून वाट पाहणे व्यर्थ असते. लांब तंतू आधी हाताने उपटून काढावेत आणि मागे उरलेले खुंट अर्चिनकडे सोपवावेत.

जातीची निवड टाकीच्या आकारावरून करावी. लहान आणि मध्यम टाकीसाठी मेस्पिलिया ग्लोब्युलस, म्हणजे पाळणाऱ्यांच्या बोलीत टक्सिडो अर्चिन, सर्वांत सोयीचा. तो साधारण पाच सेंटिमीटरचा असतो, काटे आखूड असतात आणि काट्यांच्या रांगांमधून निळसर मखमली पट्टे दिसतात. ट्रिप्न्यूस्टेस ग्राटिला अतिशय खादाड आहे, पण पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढत असल्याने त्याला मोठीच टाकी हवी. डायडेमाच्या लांब काट्यांना मोकळी जागा लागते. तो सावली पडताच काटे तिच्या दिशेने वळवतो, आणि बांगाई कार्डिनल मासे निसर्गात ज्या अर्चिनांच्या काट्यांच्या आश्रयाला राहतात ते अर्चिन याच्याच कुळातले. जाड, बोथट काट्यांचा पेन्सिल अर्चिन दिसायला देखणा असला तरी तो स्पंजासारखे बैठे प्राणीही खातो, म्हणून प्रवाळाच्या टाकीत तो नकोच. फुलासारखा दिसणारा टॉक्सोप्न्यूस्टेस पायलिओलस विषारी असून घरगुती टाकीत त्याला अजिबात थारा देऊ नये.

अर्चिन शेवाळ खातो, शेवाळाचे कारण खात नाही. या पद्धतीतील बहुतेक निराशा ही गोष्ट न ओळखल्याने येते. शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेटवर पोसते. अर्चिनने खाल्लेल्या शेवाळाचा बराच भाग विष्ठेच्या बारीक गोळ्यांच्या रूपाने तळाशी पडतो आणि तो उपसला नाही तर कुजून पुन्हा पाण्यातच मिसळतो. म्हणून माशांना बेताने खाद्य घालणे, प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातला सेंद्रिय मळ काढणारे यंत्र) नीट चालू ठेवणे, तळ सायफनने साफ करणे आणि पाणी बदलताना आरओ-डीआय (पाण्यातले क्षार काढून टाकणाऱ्या) यंत्रातून गाळलेलेच पाणी वापरणे ही कामे अर्चिन आणल्यावरही सुटत नाहीत. लालसर बुळबुळीत थर धरणारे सायनोबॅक्टेरिया हे जीवाणू आणि तपकिरी, बुडबुडे धरणारे डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव यांवर अर्चिन हा उपाय नाही. डायनोफ्लॅजेलेटच्या काही जाती विषारी असल्याने त्यांच्या प्रादुर्भावात अर्चिन दगावण्याचाच धोका अधिक असतो.

अर्चिनमुळे होणारे नुकसानही आधीच जाणून घ्यावे. दगडांवर हौसेने वाढवलेले गुलाबी-जांभळे कोरलाइन शेवाळ (दगडावर चुन्याचा कठीण थर धरणारे शेवाळ) तो हिरव्या शेवाळाइतक्याच आवडीने खरवडतो आणि मागे पांढरी वाट उरते. मोठ्या टाकीत ते पुन्हा भरून येते, लहान टाकीत दगड उघडे पडतात. ॲक्रिलिकच्या भिंतींवर त्याच्या दातांचे ओरखडे उठतात, काचेवर उठत नाहीत. शिवाय अनेक जातींना शिंपले, दगडाचे तुकडे, शेवाळाच्या पाती असे काही ना काही पाठीवर वाहून नेण्याची सवय असते. हे वर्तन प्रखर प्रकाशापासून संरक्षणाचे मानले जाते. सैल ठेवलेले प्रवाळाचे कलम (वाढवण्यासाठी तोडून लावलेला लहान तुकडा) त्याच्या वाटेत आले, तर सकाळी ते टाकीच्या दुसऱ्या टोकाला, अर्चिनच्या डोक्यावर टोपीसारखे बसलेले सापडते. सर्व कलमे इपॉक्सी किंवा जेलसारख्या सुपरग्लूने पक्की चिकटवणे हाच यावरचा उपाय.

अर्चिनच्या शरीरातील द्रव समुद्राच्या पाण्याशी जवळजवळ समान असतो आणि लवणतेतील बदल त्याला स्वतःहून सांभाळता येत नाही. त्यामुळे पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता, जिच्यावरून लवणता कळते) १.०२५ च्या आसपास आणि तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असे स्थिर ठेवावे लागते. कवच आणि काटे कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि अल्कता ८ ते ११ डीकेएच (अल्कता मोजण्याचे एकक) असावी. प्रवाळालाही हीच पातळी मानवते. नवा अर्चिन टाकीत सोडण्यापूर्वी टाकीचे पाणी बारीक नळीतून थेंबथेंब त्याच्या भांड्यात एक ते दोन तास पडू द्यावे. माशांच्या औषधांतील तांबे त्याला अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते, म्हणून माशांवरचे असे उपचार वेगळ्या टाकीतच करावेत. ट्रिगर आणि पफर मासे अर्चिन फोडून खातात, तेव्हा त्यांच्यासोबत तो ठेवता येत नाही.

शेवाळ संपले की अर्चिनची भूक संपत नाही, आणि येथे पाळणारे सर्वाधिक चुकतात. टाकी चकचकीत झाली म्हणून समाधान मानावे, तर आतला अर्चिन महिनोन्‌महिने उपाशी असतो. दगड स्वच्छ दिसू लागताच त्याला वाळवलेल्या नोरीचा (खाण्याच्या समुद्री शेवाळाच्या पातळ पापुद्र्याचा) तुकडा द्यावा. तो क्लिपने काचेला लावला किंवा थेट काट्यांवर ठेवला, तर नलिकापाद तो हातोहात तोंडाकडे सरकवतात. काटे एका दिशेला लोळणे, काचेवरची पकड सैल होणे आणि काटे गळून कवचावर उघडे चट्टे दिसणे ही उपासमारीची किंवा बिघडलेल्या पाण्याची लक्षणे होत. काटे गळू लागल्यावर वाचण्याची आशा थोडी असते, तरी पाणी तपासून लगेच काही भाग बदलल्यास काही अर्चिन सावरतात.

चिकटून बसलेला अर्चिन ओढून काढू नये, नलिकापाद तुटतात. बोटाने किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कडेने हळूहळू सोडवून, पाण्यातच भांड्यात घेऊन हलवावा. काटा हातात मोडल्यास ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. सांध्याजवळ रुतलेला काटा डॉक्टरांकडूनच काढावा. कधी टाकीतच अर्चिन प्रजननासाठी शुक्रपेशी किंवा अंडी सोडतात आणि पाणी दुधाळ होते. स्किमर आणि सक्रिय कोळशाने ते साधारण एका दिवसात निवळते. मेलेला अर्चिन मात्र दिसताक्षणी बाहेर काढावा, कारण तो कुजू लागला की अमोनिया वाढून बाकीच्या जिवांनाही धोका होतो.