मारांगू की मचामे? किलिमांजारोचे दोन रस्ते आणि त्यातला घोळ

किलिमांजारोचा विषय निघाला की पणजी-मडगावच्या ट्रेकवाल्यांत ही दोन नावं हटकून एकमेकांत मिसळतात. दोन्ही वाटा डोंगराच्या दक्षिण अंगानं वर चढतात, दोन्ही नावं पायथ्याच्या गावांची, आणि शेवटी पोचायचं पण एकाच जागी, 5895 मीटरच्या उहुरू शिखरावर. गाईड दोन्हीकडे कंपल्सरी, टांझानियात हा डोंगर एकट्यानं चढूच देत नाहीत. मग लोक फरक शोधतात तो झोपायच्या सोयीत: मारांगूला हट, मचामेला टेंट, म्हणजे मारांगू सोपा, करा बुकिंग. इथंच फसतात.

मारांगूची वाट पायांना सोपी आहे हे खरंच, चांगली रुंद पायवाट, फार कुठं हात टेकावे लागत नाहीत, रात्री लाकडी हटमध्ये बंक बेड (स्लीपिंग बॅग तरी न्यावीच लागते, हे एजंट शेवटच्या आठवड्यात सांगतो). गाईड लोक तिला कोका-कोला रूट म्हणतात. पण मुक्कामाच्या उंच्या बघा: मंदारा साधारण 2720 मीटर, होरोम्बो 3720, किबो हट 4700 च्या वर. म्हणजे रोज हजार मीटर! 3000 च्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात आणि इथं त्याच्या दुप्पट. त्यात किबोला दुपारी पोचायचं, जेवून थोडं पडायचं नि मध्यरात्रीच्या सुमाराला उठून भुसभुशीत दगडगोट्यांतून वर सुटायचं, विवराच्या काठावरच्या गिलमन्स पॉइंटपर्यंत वळणावळणानं चढ, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरतं. 5 दिवसांच्या प्लॅनमध्ये शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही, फिट माणसं पण डोकं धरून परत फिरतात, कारण उंची लागण्याचा तुमच्या जिमशी काहीएक संबंध नाही. 6 दिवसांच्या प्लॅनमध्ये होरोम्बोला एक मुक्काम जास्त मिळतो, दिवसा झेब्रा रॉक्सकडे वर जाऊन परत खाली येऊन झोपायचं. तो एक दिवस म्हणजे सगळा खेळ आहे.

मचामेला हा खेळ वाटेतच बसवलाय. हिला व्हिस्की रूट म्हणतात, म्हणजे जरा कडक. पहिला दिवस ओल्या जंगलातून, दुसऱ्या दिवशी शिरा पठार (किलिमांजारोच्या तीन ज्वालामुखींतला हा एक, कधीचा कोसळून सपाट झालेला, बाकीचे दोन किबो आणि मावेंझी), आणि तिसरा दिवस खरा महत्त्वाचा. सकाळी 3800 च्या आसपास असता, दुपारपर्यंत लाव्हा टॉवरला, 4600 मीटर. हा टॉवर म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा उभा काळा खांब. त्याच्या खाली बसून लोक डबा उघडतात आणि निम्म्यांना घास जात नाही, डोकं ठणकतंय, कोण गप्प, कोण चिडचिड करतंय, गाईड आपला पोले पोले (स्वाहिलीत हळूहळू) म्हणत सगळ्यांना पाणी प्यायला लावतो. मग त्याच दिवशी सहाशे-सातशे मीटर खाली उतरून बरांकोला झोपायचं आणि सकाळी उठल्यावर डोकं बऱ्यापैकी हलकं. वर जाऊन खाली झोपायचं ते हेच. चौथ्या दिवशी बरांकोची भिंत आहे, फोटोत बघून घाबरायला होतं पण दोर लागत नाही, हात वापरावे लागतात इतकंच, पारोड्याचा चंद्रनाथ पावसात आडवाटेनं चढलेल्याला तर नक्कीच जमेल.

मचामेचा खरा त्रास उतरताना. शिखरावरून त्याच दिवशी म्वेकाच्या वाटेनं 3100 मीटरपर्यंत खाली, गुडघ्यांची वाट लागते, त्यामुळे स्टिक न्याच.

आता दिवसांची भानगड. मला एका एजंटानं '7 दिवस मारांगू' असं कोटेशन पाठवलेलं, नीट वाचलं तर पहिला दिवस एअरपोर्ट ते मोशी या पायथ्याच्या शहरातलं हॉटेल, शेवटचा दिवस हॉटेल ते एअरपोर्ट, डोंगरावर 5च. विचारायचं एकच, डोंगरावर रात्री किती आणि कुठल्या उंचीवर. मचामे 6 दिवसांत पण विकतात, तेव्हा कारांगाचा मुक्काम गाळून थेट बराफू, म्हणजे शिखराआधीचा शेवटचा कॅम्प, गाठतात. 7 वाला घ्या. पार्कची फी दिवसावारी असते, म्हणून एक दिवस वाढला की पैसे वाढतात, आणि टेंटमुळे मचामेला पोर्टरही जास्त लागतात. पण मारांगू स्वस्त का पडतो ते आता कळलं असेलच मरे, बऱ्याचदा तो फक्त छोटा असतो. आणि फारच स्वस्त कोटेशन आलं तर पोर्टरला काय देता ते विचारा, कुठून तरी ते पैसे वाचवलेले असतातच. तुमची बॅग 15 किलोच्या आत ठेवा. इन्शुरन्स घेताना तो 6000 मीटरपर्यंत चालतो का तेही बघा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बहुतेक वेळा उंचीची लिमिट असते.

सीझन आपल्या उलटा आहे ते बरंय. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो धो, तिकडे तेव्हा कोरडं. चवथ चुकवायची नसेल तर जुलै बघा, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारी. मुलांची मे महिन्याची सुट्टी मिळते म्हणून एप्रिल-मेमध्ये जाऊ नका, तिकडचा मोठा पाऊस तेव्हाच असतो. नोव्हेंबरमध्ये छोटा पाऊस असतो, आणि सुट्टी तेवढीच मिळत असेल तर मात्र मीही ओल्या टेंटपेक्षा मारांगूच घेईन, 6 दिवसांचा.