संकष्टीचा चंद्र आणि हतनूरचे पाणी

आमच्या गावातले एक भोई आप्पा पौर्णिमेच्या मागेपुढे दोन-तीन रात्री गिरणा नदीत जाळे टाकत नसत. ‘चांदनं पडनं का मासा हुशार व्हई जास,’ एवढेच त्यांचे स्पष्टीकरण असे आणि त्या रात्री ते ओसरीवर बसून फाटलेली कांडाळी शिवत. आज हौसेने गळ टाकणाऱ्या तरुणांच्या मोबाइलमध्ये जी ॲप असतात ती नेमके उलटे सांगतात: पौर्णिमा आणि अमावस्या हे मासेमारीचे उत्तम दिवस, कारण त्या दिवशी चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते. दोघांचेही म्हणणे चंद्रावरच उभे आहे. परंतु आप्पा चंद्राच्या उजेडाबद्दल बोलत होते आणि ॲप त्याच्या ओढीबद्दल बोलते. खानदेशातल्या गोड्या पाण्यापुरते पाहिले, तर कारण आप्पांनी बरोबर पकडले होते.

ओढीचे आधी पाहू. तापी नदी मुलताईजवळ उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहत खंभातच्या आखातात मिळते. सुरतेपलीकडे, मुखाशी, भरती-ओहोटीचे राज्य आहे. तिथल्या माशांचे येणेजाणे, खाणे, थांबणे हे सारे चंद्राच्या वेळापत्रकाने चालते आणि तिथला कोळी तिथी पाहूनच होडी काढतो. त्याच नदीवर भुसावळजवळ हतनूरचे धरण आहे. तिथेही चंद्राची ओढ पोहोचते, पण तिला काम करण्यासाठी लांबरुंद पाणी मिळत नाही. भरती म्हणजे पाणी उचलले जाणे नव्हे, तर दूरवरचे पाणी आडवे सरकून एका ठिकाणी जमा होणे होय. म्हणून जलाशय जितका लहान, तितकी त्याची भरती लहान. चंद्र आणि सूर्य दोघांचे बळ एकत्र धरून हिशेब केला, तर वीस किलोमीटर लांबीच्या जलाशयाच्या दोन टोकांमध्ये फार तर दोन-अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. मे महिन्यात आपल्याकडे एका दिवसात सेंटिमीटरभर पाणी नुसते वाफ होऊन उडून जाते. अमेरिकेतल्या प्रचंड सरोवरांमध्येसुद्धा ही भरती पाच सेंटिमीटरच्या आत असते आणि वाऱ्याने होणाऱ्या चढउतारात ती बुडून जाते. हतनूरच्या रोहूला चंद्राची ओढ जाणवत असेल, असे मानायला जागा उरत नाही.

तरीही ॲपमधली कोष्टके टिकून आहेत, आणि त्याला कारण आहे. ती जॉन आल्डेन नाइट या अमेरिकन गृहस्थाने १९२६ साली मांडलेल्या कल्पनेवर बेतलेली असतात: चंद्र माथ्यावर आणि बरोबर पायाखाली असताना प्रत्येकी सुमारे दोन तास, आणि त्याच्या उदयास्ताच्या वेळी सुमारे एक-एक तास मासे खातात. बेरीज केली तर चोवीस तासांतले सहा तास झाले. म्हणजे डोळे मिटून कोणतीही वेळ निवडली, तरी चारांत एकदा ती ‘शुभ’ निघणारच. शिवाय पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. अमावस्येला तो सूर्याबरोबरच उगवतो आणि मावळतो. दोन्ही तिथींना कोष्टकातल्या उदयास्ताच्या वेळा पहाट आणि तिन्हीसांजेवर येऊन बसतात. या वेळी मासे खातात हे आप्पांच्या नातवालाही माहीत आहे. श्रेय मात्र चंद्र घेऊन जातो.

मग चंद्राचा काहीच परिणाम नाही का? उत्तर अमेरिकेत मस्की नावाच्या मोठ्या शिकारी माशाच्या गळाने पकडल्याच्या ३ लाख ४० हजारांहून अधिक नोंदी तपासून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चंद्राच्या २९.५ दिवसांच्या चक्राशी जुळणारी लय खरोखर सापडली, परंतु तिचा कमाल परिणाम पाच टक्क्यांच्या आसपास होता. एवढा परिणाम लाखो नोंदींमध्ये दिसतो. वर्षातून वीस वेळा काठावर बसणाऱ्या माणसाला तो आयुष्यभर दिसणार नाही. त्यातही ‘आज पौर्णिमा आहे’ म्हणून काठावर जास्त लोक, जास्त वेळ आणि जास्त आशेने बसतात, हे अशा नोंदींमधून पुरते वजा करणे अवघडच असते.

उजेडाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त रंजक वाटते. लक्स हे उजेड मोजण्याचे एकक; भर दुपारच्या उन्हाचा उजेड एक लाख लक्स धरला, तर पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड फार तर पाव लक्सच्या आसपास असतो. पण चंद्र नसलेल्या रात्रीच्या ताऱ्यांच्या उजेडाच्या तुलनेत तो शंभरपटीहून अधिक ठरतो. पाण्यातल्या जिवांना हा फरक जगण्या-मरण्याचा असतो. प्राणिप्लवक, म्हणजे डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे पाणपिसवांसारखे जीव, दिवसभर खोल अंधारात दडून बसतात आणि काळोख पडला की शेवाळकण खायला पृष्ठभागाकडे चढतात. त्यांच्यामागे बारीक मासोळी येते आणि मासोळीमागे मोठे मासे येतात. चांदण्यात प्लवक खालीच रेंगाळतात, म्हणून ही सारी उतरंड खालीच थांबते.

या व्यवस्थेला एक फट आहे, आणि ती झ्बिग्न्येव ग्लिविच या पोलिश शास्त्रज्ञाने मोझांबिकमधल्या काहोरा बासा या धरणाच्या जलाशयात शोधली. त्याचा शोधनिबंध १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्या पाण्यात कापेंटा नावाची सार्डिनसारखी लहान मासळी आहे, जी प्राणिप्लवकांवर जगते. ग्लिविचला दिसले की प्लवकांची संख्या दर महिन्याला पौर्णिमेच्या सुमारास कोसळते आणि पुढे हळूहळू भरून येते. कारण असे की पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामध्ये काळोखाची एक खिडकी तयार होते. प्लवक त्या काळोखावर विश्वास ठेवून वर येतात, आणि तेवढ्यात चंद्र उगवून सगळे पाणी उजळते. खाली परतायला वेळ लागतो; तोवर मासे त्यांचा फडशा पाडतात. ग्लिविचने याला चंद्राचा सापळा म्हटले.

मराठी घरात ही खिडकी समजावून सांगायची गरजच नाही. संकष्टीचा उपास धरणारा प्रत्येक माणूस दर महिन्याला तीच खिडकी ताटकळत मोजतो. कृष्ण चतुर्थीला दिवे लागून गेलेले असतात, पोटात कावळे ओरडत असतात, कोणीतरी दर दहा मिनिटांनी गच्चीवर जाऊन येते, आणि दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ रात्री आठ-नऊच्या पुढेमागे छापलेली असते. घरात जो वेळ मोदक थांबलेले असतात, त्याच वेळात जलाशयातले प्लवक वर चढलेले असतात. हतनूरमध्ये कापेंटा नाही. पण प्लवक आहेत, चंदेरी बारीक मासोळी आहे आणि तिच्यावर टपलेले मोठे मासेही आहेत. तेव्हा तत्त्व इथेही लागू पडायला हरकत नाही.

आप्पांच्या कांडाळीचे गणितही उजेडाचेच होते. कांडाळी म्हणजे पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे जाळे. मासा ते न दिसल्यामुळेच त्यात डोके घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. चांदण्यात तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, दिसते, म्हणून मासा वळतो, म्हणजेच ‘हुशार व्हई जास’. गळाचे तसे नाही, कारण तिथे माशाला आमिष दिसणे किंवा त्याचा वास लागणे हवेच असते. म्हणून जाळेवाला आणि गळवाला यांची चंद्राबद्दलची मते जुळत नाहीत, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. सापासारखी लांब वाम मात्र अंधाराचीच रहिवासी आहे; गांडूळ लावून तिच्यासाठी बसायचे तर अमावस्येकडची रात्र बरी.

हवेच्या दाबाबद्दल थोडक्यात. दाब उतरला की मासे खातात, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. आपल्याकडे हवेचा दाब रोजच दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो जास्त असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी, आणि हा फरक साधारण तीन-चार हेक्टोपास्कलचा असतो. पाण्यात एक सेंटिमीटर खाली गेले की दाब एका हेक्टोपास्कलने वाढतो. म्हणजे दिवसभरातला सगळा फरक माशाने दोन बोटे वर-खाली होण्याएवढाच आहे. वादळापूर्वी मासे खरोखर चळवळ करत असतील, तर त्याचे श्रेय ढगाळलेल्या उजेडाला, वाऱ्याला आणि थंडावलेल्या पृष्ठभागाला द्यावे लागेल.

खरे राज्य ऋतूचे आहे, आणि खानदेशात ऋतू टोकाचे आहेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि उथळ पाणी तिशीच्या बरेच वर जाते. मासा थंड रक्ताचा असल्याने पाणी दहा अंशांनी तापले की त्याच्या शरीराची प्राणवायूची गरज जवळपास दुप्पट होते. नेमक्या त्याच वेळी पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते. वीस अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर तीस अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅमच मावतो. त्यातून रात्रभर शेवाळही प्राणवायू खात असते, म्हणून सूर्योदयापूर्वीचा तास सर्वांत वाईट असतो. उन्हाळ्यात गावतळ्यावर पहाटे गेलात, तर कटला आणि रोहू पृष्ठभागाला तोंड लावून गोल ओठांनी हवा ओढताना दिसतील. पाण्यावर शेकडो बारीक वर्तुळे उमटत असतात आणि नवख्याला वाटते की मासा भुकेला आहे. तो गुदमरत असतो. त्याच्या नाकापुढे कणकेचा गोळा नाचवून उपयोग नाही. अशा तळ्यावर ऊन वर येऊन तास-दोन तास झाल्यावर जावे. मोठ्या, वाहत्या हवेच्या धरणावर मात्र पहाट चांगलीच असते. सरसकट ‘पहाट उत्तम’ असे सांगणारी कोष्टके इथे चुकतात. मरळ या सगळ्याला अपवाद आहे: ती वर येऊन थेट हवा घेते, म्हणून आटत चाललेल्या डबक्यातही तग धरते आणि श्वासाला वर आली की स्वतःची जागा दाखवून जाते.

पावसाळ्याचे पहिले लोंढे आले की सारे चित्र पालटते. रोहू, कटला आणि मृगळ यांना अंडी घालण्यासाठी वाढलेला दिवस, ऊब आणि पुराचे ताजे, वाहते पाणी लागते. साठलेल्या तळ्यात ते वाढतात, पण विणत नाहीत. ही अट इतकी कडक आहे की ती चुकवण्यासाठी पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचण्याची युक्ती काढावी लागली. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ती यशस्वी केली, आणि म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. नदीतल्या माशाला ही सुई टोचायला कोणी येत नाही. तो पुराच्या पाण्यात, प्रवाहाविरुद्ध चढणीलाच लागतो, आणि अंड्यांनी भरलेली मादी तेव्हा काठाशी, हाताच्या अंतरावर असते. माझे मत विचाराल तर जून ते ऑगस्ट गळ घरी ठेवावा. याच दिवसांत मरळीची पिले तांबूस-केशरी पुंजक्याने पाण्यावर खदखदताना दिसतात आणि त्यांच्याखाली हातभर खोल पालक राखण करत असतो. तो पिले सोडून जात नाही, म्हणून त्याला धरणे सोपे असते, आणि तो गेला की तो पुंजका दिवसभरात इतर माशांच्या पोटात जातो.

पुराच्या गढूळ पाण्यात पाहून शिकार करणारे मासे आंधळे होतात. शिंगाळ्यासारखे मिशाळ मासे मात्र होत नाहीत, कारण त्यांच्या मिशांवर चवीच्या कळ्या असतात आणि ते चिखलातही चाखत चाखत गांडुळापर्यंत पोहोचतात. पण सातपुड्यात पाऊस झाला की हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडतील याचा नेम नसतो, म्हणून धरणाखालच्या पात्रात बसण्याचा विचारही करू नये.

वाऱ्याकडे लक्ष द्यावे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाला पश्चिमेचा वारा पृष्ठभागाचे पाणी आणि त्यावरचे प्लवक पूर्वेच्या काठाला लोटतो, हिवाळ्यात दिशा बदलते. लाटा तोंडावर येतात तो काठ बसायला गैरसोयीचा, पण माशाला सोयीचा असतो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एक अंकी होतो तेव्हा रोहू-कटल्यासारखे कार्प मासे खोल पाण्यात सुस्तावतात आणि दुपारच्या उन्हात काय ती थोडी हालचाल करतात. त्या दिवसांत पहाटे थंडीत कुडकुडण्यात काही हशील नाही.

राहता राहिला आश्विन. पाणी निवळलेले असते, कडेचे गवत अजून बुडालेले असते, विणीने रिकामा झालेला मासा खायला निघालेला असतो आणि पाण्याचे तापमान कार्पच्या पसंतीचे असते. कोजागरीला मासे चांगले लागतात असे ऐकू येते, ते बहुधा या महिन्यामुळे. मी मात्र कोजागरी मसाला दुधासाठी ठेवतो आणि चार दिवसांनी येणारी संकष्टी निवडतो. मत्स्यसंस्थेकडे जलाशयाचा ठेका असतो, म्हणून तिची परवानगी आधी घ्यावी लागते. चांगदेवच्या बाजूला, तापी-पूर्णेच्या संगमाजवळच्या फुगवट्याकाठी सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि चंद्र साधारण साडेआठच्या पुढेमागे वर येतो. पहिला तास बारीक मासोळीच्या चुळबुळीखेरीज काही कळत नाही. मग पूर्वेकडे तांबडा चंद्र निघतो, पाण्यावर त्याची वाट उमटते, आणि कधीकधी त्या वाटेच्या कडेला एखादा मोठा मासा पाणी फोडतो. तेव्हा तंगूस त्या बाजूला टाकायचे, आणि लागलेला मासा चतुर्थी असल्याने त्या रात्री घरी शिजणार नाही, हे ठाऊक ठेवूनच टाकायचे.