गाडीने जायचं की विमानाने? सहकुटुंब सहल ठरवण्याआधी वाचायचं माहितीपत्रक

आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबं अर्धी सहल घरीच ठरवून येतात. कुठे जायचं ते पक्कं असतं, तारखा पक्क्या असतात. कसं जायचं यावर मात्र आमच्या टेबलासमोर बसून पुन्हा वाद सुरू होतो. आम्ही तिकीट काढून देतो, हॉटेल बुक करून देतो, आणि परत आल्यावर "विमानाने गेलो असतो तर बरं झालं असतं" किंवा "उगीच विमानात पैसे घातले" हेही आम्हीच ऐकतो. म्हणून हे पत्रक.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. विमानाचं तिकीट निघालं की आम्हाला चार पैसे जास्त मिळतात. तुम्ही आपल्या गाडीने गेलात तर फक्त हॉटेलचे. तरी पुढे बऱ्याच ठिकाणी आम्ही गाडीच न्या असं लिहिलंय.

नकाशावरचे तास आणि खरे तास

एक आजोबा मुलगा-सुनेबरोबर आले होते. मुलाने मोबाइलवर नकाशा उघडून दाखवला, "बघा, दहा तास." आजोबांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "यात मी किती वेळा उतरलोय?"

प्रश्न बिनतोड होता. नकाशा दाखवतो ते तास चाकं फिरत असतानाचे. ६०० किलोमीटरचा रस्ता सरासरी ६०च्या वेगाने धरला तर दहा तास होतात. दर दोन तासांनी पंधरा मिनिटांचा थांबा, त्यातला एक जेवणाचा म्हणून पाऊण तासाचा, वर एकदा इंधन. झाले बारा. लहान मूल असेल तर त्याहून थोडं जास्तच.

आता विमान. हवेतला वेळ सव्वा तास. पण घरातून विमानतळावर जायला एक तास, दोन तास आधी पोहोचायचं, उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहण्यात चाळीस मिनिटं, तिथून हॉटेलपर्यंत आणखी एक तास. दारापासून दारापर्यंत सहा तास. म्हणजे ६०० किलोमीटरला विमान निम्म्या वेळात पोहोचवतं.

हाच हिशोब ३०० किलोमीटरला करून बघा. गाडीचे तास निम्म्यावर येतात, थांबे धरून सहा. विमानाचे मात्र साडेपाच, कारण कमी झाली ती फक्त हवेतली वीस-पंचवीस मिनिटं. रांगा, तपासणी, पट्टा, टॅक्सी सगळं तेवढंच राहिलं. १२०० किलोमीटरला विमानाचे पावणेसात तास होतात आणि गाडीचे दोन दिवस, मधल्या रात्रीच्या मुक्कामासकट. गाडीचा वेळ अंतराबरोबर वाढत जातो, विमानाचा जवळपास तिथेच राहतो. निर्णयाची किल्ली यात आहे. आमचे आकडे बाजूला ठेवून तुमचे घाला: तुमच्या घरापासून विमानतळ किती लांब, उतरल्यावर मुक्काम किती लांब. विमानतळच तीन तासांवर असेल तर ६०० किलोमीटरलाही फरक बराच कमी होतो.

थेट विमान नसेल आणि मध्ये बदलायचं असेल तर हिशोब पुन्हा करा. दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर असली तर पहिलं उशिरा आल्याने दुसरं चुकलं तरी पुढची सोय साधारणपणे विमान कंपनी बघते. पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर चुकलेलं विमान तुमच्या खिशातून जातं. आम्ही अशी तिकिटं काढून देतो, पण आधी दोनदा विचारून.

गाडी चालवणाऱ्याची सुट्टी कोण मोजतं?

या मुद्द्यावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत, कारण ठरवताना तो सहसा कुणी काढत नाही.

गाडीत पाच माणसं असतात आणि त्यातलं एक कामावर असतं. बाकीचे झोपतात, गाणी ऐकतात, खिडकीतून बघतात. बारा तास जाताना आणि बारा तास येताना म्हणजे चोवीस तास. चार दिवसांच्या सहलीत एका माणसाचे दोन दिवस स्टिअरिंगवर गेले. घरात गाडी चालवणारे दोघं असतील तर गाडीचं पारडं एकदम जड होतं. एकच असेल तर त्या माणसाला विचारा, आणि बाकीच्यांसमोर विचारू नका. सगळ्यांसमोर तो "मला काय, मी चालवीन" असंच म्हणणार.

सगळ्यात वाईट बेत असतो शुक्रवारी काम संपवून रात्री निघण्याचा. "रस्ता मोकळा असतो, पोरं झोपतात, सकाळी हजर." ऐकायला छान वाटतं. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला सतरा तास जागा असतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं की सतरा तास जागरण झालेल्या माणसाच्या हाता-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका बिघडतो. कित्येक देशांत गाडी चालवण्यासाठी दारूची कायदेशीर मर्यादा तेवढीच आहे. शरीराचं घड्याळ मध्यरात्रीनंतर पहाटे सहापर्यंत झोपेकडे ओढतं. दुपारी जेवणानंतर पुन्हा एकदा ओढतं.

हे पत्रक लिहिणाऱ्याने तो बेत एकदा स्वतः केलाय. पहाटे साडेतीनला रस्ता सरळ होता, मागे सगळे गाढ झोपलेले. मला वाटत होतं मी जागा आहे. मग रस्त्याच्या कडेच्या खरबरीत पट्ट्यांवरून चाकं गेली, त्यांचा घर्रकन आवाज झाला, आणि कळलं की मधले काही क्षण माझ्या आठवणीत नाहीतच. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे ११० मीटर. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं यांनी झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटं झोपणं एवढाच उपाय खरा, आणि त्यानंतरही पुढे मुक्काम असेल तर तो गाठून थांबायचं.

आमचा नियम साधा आहे: एका चालकाने एका दिवसात थांबे सोडून आठ तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, आणि परतीच्या दिवशी सहाच. परतीला माणूस थकलेला असतो, घराची ओढ लागलेली असते, आणि "आता कशाला थांबायचं, पोहोचलोच" म्हणत शेवटचा थांबा गाळतो.

विमानाची भीती म्हणून गाडी निवडणारेही आमच्याकडे येतात. भीतीला हसू नये. पण आकडे उलटे आहेत. अंतराच्या हिशोबाने प्रवासी विमान गाडीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. अमेरिकेत सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर बरेच लोक विमान सोडून रस्त्याने जाऊ लागले. गेर्ड गिगरेन्झर या मानसशास्त्रज्ञाने हिशोब मांडला, तेव्हा पुढच्या बारा महिन्यांत रस्त्यांवर सुमारे १५०० मृत्यू जास्त झाल्याचा त्यांचा अंदाज निघाला.

पैसे: डोकी मोजा

विमानाचं तिकीट माणशी असतं, गाडीचं इंधन गाडीमागे. त्यामुळे दोघांसाठी खरं असलेलं उत्तर पाचजणांसाठी खोटं ठरतं.

जाऊन-येऊन १२०० किलोमीटर, तिथे फिरायला ३००, असे १५०० धरा. गाडी लिटरला १५चं ॲव्हरेज देत असेल तर १०० लिटर इंधन. चौघांत माणशी २५ लिटर. याला तुमच्याकडच्या दराने गुणा, टोल मिळवा, वाटेत मुक्काम असेल तर त्या रात्रीचं भाडं मिळवा. ॲव्हरेज मात्र रोजच्या वापरातलं धरू नका. भरलेली डिकी, चालू एसी आणि टपावर बांधलेलं सामान तिन्ही इंधन खातात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८०वरून १००वर गेलात की तो दीडपटीहून थोडा जास्त होतो. टपावरचं सामान हा विरोध आणखी वाढवतं, म्हणून जे आत मावतं ते आतच ठेवा.

विमानाच्या बाजूला लोक नेहमी विसरतात त्या गोष्टी: चेक-इन सामानाचे वेगळे पैसे, शेजारी बसायला सीट निवडण्याचे पैसे, दोन्हीकडच्या टॅक्सी, आणि तिथे पोहोचल्यावर रोजची भाड्याची गाडी. हा शेवटचा आकडा चार-पाच दिवसांत तिकिटाच्या बरोबरीला येऊ शकतो. उलट जिथे सगळं चालत किंवा बस-ट्रेनने फिरता येतं तिथे स्वतःची गाडी नेणं म्हणजे रोज पार्किंग शोधण्याचं काम मागे लावून घेणं.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसवून बहुतेक विमान कंपन्या कमी पैशात नेतात. दुसरा वाढदिवस झाला की पूर्ण सीट घ्यावी लागते. वाढदिवस सहलीच्या मधेच येत असेल तर परतीची सीट वेगळी काढावी लागते. हे आम्हाला आधी सांगा.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर थांबे चार्जिंगच्या हिशोबाने ठरवा. फास्ट चार्जरवर बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भरभर जाते, पुढचे २० टक्के रेंगाळतात. त्यामुळे पूर्ण भरायची वाट बघण्यापेक्षा ८०वर निघून पुढे पुन्हा थांबलेलं परवडतं.

बरोबर कोण आहे?

तान्ह्या बाळाला विमानात त्रास होतो तो बहुधा खाली उतरताना, कानात दडा बसून. गिळलं की कानाची नळी उघडते, म्हणून उतरायला सुरुवात झाली की दूध पाजा. गाडीत बाळाला चाइल्ड सीटच हवी. मांडीवर घेतलेलं मूल धडकेत हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. आणि उन्हात बंद गाडीत मुलाला पाच मिनिटंही सोडू नका. आतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढतं.

गाडी लागणाऱ्या मुलांचं म्हणाल तर डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत आणि आतला कान सांगतो की हलतोय. मोबाइल किंवा पुस्तक हातात दिलं की हे भांडण वाढतं. लांबवर बघायला सांगा. विमानात पंखांजवळची सीट कमी हलते.

आजी-आजोबांचा प्रश्न पायांचा असतो. सलग चार तासांहून जास्त बसून राहिलं की पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं. तो धोका गाडी, बस, ट्रेन आणि विमान सगळीकडे आहे. फरक एवढाच की गाडी हवी तेव्हा थांबवता येते. विमानतळावर लांब चालावं लागतं, पण व्हीलचेअर मिळते. तिकीट काढतानाच मागायची, काउंटरवर ऐनवेळी नाही. विमानाच्या आतली हवा साधारण २४०० मीटरपर्यंतच्या उंचीवर असावी तेवढी विरळ असते आणि खूप कोरडीही. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा. गरोदर बायकांना २८ आठवड्यांनंतर बऱ्याच कंपन्या डॉक्टरांची चिठ्ठी मागतात आणि ३६नंतर बहुधा नेत नाहीत.

सहलीत स्कूबा डायव्हिंग असेल तर शेवटची डुबकी आणि विमान यांच्यात १८ ते २४ तास ठेवा. शेवटच्या सकाळी डुबकी आणि दुपारी विमान असा बेत आम्ही बुक करून देत नाही.

सामान

ज्यांना अर्धं घर न्यायचं असतं त्यांनी गाडी न्यावी. यावर वाद नाही.

विमानाने जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. औषधं नेहमी हातातल्या बॅगेत. आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीच टाकायची नाही, तीही हातातच. १०० वॉट-तासांपर्यंतची सहसा विनापरवानगी चालते. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची असते. आमच्याच घरातली एक पॉवर बँक एकदा मोठ्या बॅगेच्या तळाशी गेली. नाव पुकारलं गेलं, आणि एका कोपऱ्यात जमिनीवर बसून चौघांचे कपडे उपसावे लागले. विमान मिळालं, पण बोर्डिंगच्या रांगेत आम्ही शेवटचे होतो, आणि घरात तो विषय अजून निघतो.

आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार करायची असते. पण पहिली नोंद विमानतळ सोडण्याआधी, पट्ट्याजवळच्या काउंटरवरच करा.

मधलं अंतर, आणि मधला मार्ग

सहा तासांच्या आत पोहोचत असाल तर गाडी. दहा तासांच्या पुढे विमान. मधल्या चार तासांत तुमचं उत्तर कुटुंब बघून ठरतं, आणि तिथे आम्ही बऱ्याचदा तिसरा पर्याय सुचवतो: विमानाने जा आणि तिथे गाडी भाड्याने घ्या. फक्त घेताना विचारा, दुसऱ्या चालकाचे वेगळे पैसे आहेत का, अनामत कुणाच्या कार्डावर रोखली जाते, आणि गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, जुने ओरखडे दिसतील असा. कधी कधी आजी-आजोबा एका नातवंडाला घेऊन विमानाने जातात आणि बाकीचे सामानासकट गाडीने. विचित्र वाटतं, पण ज्यांनी केलं त्यांनी पुढच्या वर्षी तेच मागितलं.

आमच्याकडे येताना एवढं लिहून आणा: सगळ्यांची वयं, गाडी चालवणारे किती, विमानतळ घरापासून किती वेळावर, आणि बॅगांची वजनं. मोठी बॅग वजनकाट्यावर ठेवली की आकडा तिच्याखाली झाकला जातो. म्हणून आधी नुसते उभे राहा, मग बॅग हातात घेऊन उभे राहा, आणि वजाबाकी करा.