सुपरकंडक्टिंग क्यूबिटांचं कपलिंग

सुपरकंडक्टिंग क्वांटम कॉम्प्युटरच्या चिपवरचे दोन किंवा जास्त क्यूबिट, म्हणजे माहिती साठवणारे क्वांटम घटक, एकमेकांवर परिणाम करतील अशा पद्धतीनं सर्किटमधूनच जोडून ठेवणं, याला कपलिंग म्हणतात. एकटा क्यूबिट कितीही भारी बनवला तरी त्याच्यावर काही मोठं गणित होत नाही, त्यासाठी एंटँगलमेंट, म्हणजे क्यूबिटांच्या स्थिती एकमेकांत गुंतणं, लागते, एंटँगलमेंटला दोन क्यूबिटांमधलं गेट, म्हणजे दोघांवर मिळून करायची क्रिया, लागतं आणि ते गेट कपलिंगशिवाय होत नाही. आता वाचणाऱ्याला वाटेल की जोडणं हेच अवघड काम असणार, पण जोडणं त्यामानानं सोपं आहे, धातूचे दोन पट्टे चिपवर जवळजवळ ठेवले की कपलिंग झालंच. खरी कसरत आहे ती नको असेल तेव्हा ते बंद करण्यात, आणि या विषयाचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास काढला तर निम्म्याहून जास्त डोकं लोकांनी याच बंद करण्यावर खर्च केलेलं दिसतं.

आधी क्यूबिट म्हणजे नक्की काय हे थोडक्यात. आज बहुतेक ठिकाणी ट्रान्समॉन नावाचा क्यूबिट वापरतात, तो २००७ साली येल विद्यापीठातून आला. सिलिकॉन किंवा नीलमच्या चकतीवर ॲल्युमिनियम, नायोबियम नाहीतर टँटलमचे पट्टे, त्यांच्यामधून एक कॅपॅसिटर तयार होतो, आणि त्याला जोडलेलं एक जोसेफसन जंक्शन, म्हणजे दोन सुपरकंडक्टरांच्या, विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या धातूंच्या, मध्ये ऑक्साइडचा अगदी पातळ थर. हे सगळं खास फ्रिजमध्ये साधारण १० ते २० मिलिकेल्विनला थंड ठेवतात आणि मग ते सर्किट अणूसारखं वागायला लागतं, ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या, खालच्या दोन पायऱ्या म्हणजे ० आणि १, त्यांच्यातलं अंतर ४ ते ७ गिगाहर्ट्झच्या आसपास. तिसरी पायरी, म्हणजे २, ही पण तिथेच असते आणि १ पासून तिचं अंतर थोडंसं कमी असतं, २०० ते ३०० मेगाहर्ट्झनं. ही तिसरी पायरी लक्षात ठेवा, पुढे ती कामालाही येते आणि त्रासही देते. विजेच्या सर्किटात अशा क्वांटम पायऱ्या असतात हेच मुळात १९८४-८५ मध्ये बर्कलीला दाखवलं गेलं आणि त्याबद्दल क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना २०२५ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. यातले डेव्होरे येलच्या कपलिंगच्या कामात होते आणि मार्टिनिस सांता बार्बरा आणि नंतर गूगलच्या, त्यामुळं हा विषय म्हणजे बऱ्याच अंशी त्या दोन घराण्यांचाच आहे असं म्हटलं तरी चालेल.

सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे कॅपॅसिटरनं थेट जोडणं. दोन क्यूबिटांचे पट्टे जवळ आणले की एकातल्या चार्जची हालचाल दुसऱ्याला कळते. दोघांची फ्रिक्वेन्सी सारखी असेल तर एकात असलेली ऊर्जा दुसऱ्यात जाते, परत येते, परत जाते, असं चालूच राहतं. हे किती जोरात होतं ते जी या आकड्यानं सांगतात. जी १० मेगाहर्ट्झ असेल तर पूर्ण अदलाबदल २५ नॅनोसेकंदांत होते, त्याला आयस्वॅप गेट म्हणतात, आणि बरोबर निम्म्यावर थांबवलं तर दोन्ही क्यूबिट एंटँगल झालेले असतात. थांबवायचं कसं, तर एकाची फ्रिक्वेन्सी बाजूला सरकवायची. जंक्शन एकाच्या ऐवजी दोन घेऊन त्यांचं लूप केलं की त्यातून जाणाऱ्या मॅग्नेटिक फ्लक्सनं फ्रिक्वेन्सी बदलता येते. वरच्याच उदाहरणात दोन क्यूबिट ५०० मेगाहर्ट्झ लांब केले की अदलाबदलीची शक्यता अर्धा टक्कासुद्धा राहत नाही. कॅपॅसिटरनं असं जोडलेल्या दोन क्यूबिटांवर सीनॉट गेट, म्हणजे पहिला १ असेल तरच दुसरा उलटवणारं गेट, जपानच्या एनईसीमध्ये २००३ ला करून दाखवलं, तेव्हा ट्रान्समॉन नव्हता, त्याच्या आधीचा चार्ज क्यूबिट होता, आणि तो आपली स्थिती फार लवकर विसरायचा.

पण कॅपॅसिटरनं फक्त शेजारी जोडता येतात. लांबचे जोडायचे तर मध्ये रेझोनेटर टाकतात, म्हणजे काही मिलिमीटर लांबीची मायक्रोवेव्हची पट्टी जिच्यात ठरावीक फ्रिक्वेन्सीची लाट उभी राहते. त्याला बस म्हणतात. २००७ मध्ये येलनं आणि अमेरिकेतल्याच बोल्डरच्या निस्ट संस्थेनं हे वेगवेगळं करून दाखवलं. निस्टवाल्यांनी एका क्यूबिटची स्थिती रेझोनेटरमध्ये ठेवली आणि दुसऱ्यानं ती उचलली. येलच्या पद्धतीत मात्र रेझोनेटरमध्ये खरा फोटॉन जातच नाही, क्यूबिट रेझोनेटरपासून फ्रिक्वेन्सीनं बरेच लांब ठेवतात आणि तरी त्याच्या आडून एकमेकांशी व्यवहार होतो. हिशोब सोपा आहे, प्रत्येक क्यूबिटचं रेझोनेटरशी कपलिंग १०० मेगाहर्ट्झ आणि अंतर १ गिगाहर्ट्झ असेल तर १०० गुणिले १०० भागिले १०००, म्हणजे क्यूबिट-क्यूबिटमधलं कपलिंग १० मेगाहर्ट्झ. रेझोनेटर खराब असला, त्यातून फोटॉन गळत असले, तरी या व्यवहारात त्याचं फारसं नुकसान होत नाही हा मोठा फायदा. एकाच बसवर कितीही क्यूबिट टांगता येतात असं मात्र नाही, फ्रिक्वेन्सीची गर्दी होते. तरी चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या गटानं २०१९ ला एका बस रेझोनेटरवर २० क्यूबिट बसवले आणि त्यातल्या १८ क्यूबिटांची जीएचझेड, म्हणजे सगळे एकत्र एंटँगल असलेली, स्थिती एकदमच तयार केली, जोडीजोडीनं गेट लावत न बसता. हे काम मला वाटतं त्यामानानं कमी चर्चेत आलं.

आता गेट करायच्या पद्धती. एक म्हणजे वर सांगितलेली अदलाबदल. दुसरी जास्त वापरात आहे, सीझेड गेट, आणि इथे ती तिसरी पायरी येते. दोन्ही क्यूबिट १ वर असतील तर त्या स्थितीची ऊर्जा आणि एक क्यूबिट २ वर, दुसरा ० वर अशा स्थितीची ऊर्जा फ्रिक्वेन्सी सरकवून सारखी करता येते. मग ११ तिकडे जाऊन परत येते आणि येताना तिचं चिन्ह उणे होऊन येतं, बाकीच्या ००, ०१, १० ला काही होत नाही. झालं सीझेड. ही आयडिया २००३ ला मांडली गेली होती, येलनं २००९ ला ती वापरून दोन क्यूबिटांवर ग्रोव्हरचा शोध घ्यायचा अल्गोरिदम चालवून दाखवला. परत येताना थोडंसं तिकडेच राहिलं तर क्यूबिट २ मध्ये अडकून बसतो, याला लीकेज म्हणतात आणि एरर करेक्शनवाल्यांची, म्हणजे क्यूबिटांच्या चुका दुरुस्त करणाऱ्यांची, याच्यामुळं झोप उडते कारण त्यांचे कोड ० आणि १ गृहीत धरूनच बनवलेले असतात. तिसरी पद्धत आयबीएमची, क्रॉस रेझोनन्स. यात क्यूबिटची फ्रिक्वेन्सी हलवायचीच नाही, कारण हलवायला लूप लागतं आणि लूप आलं की बाहेरचा फ्लक्सचा गोंगाट आत येतो. करतात काय, तर पहिल्या क्यूबिटवर दुसऱ्याच्या फ्रिक्वेन्सीचा मायक्रोवेव्ह पल्स मारतात, दुसरा क्यूबिट फिरतो आणि कुठल्या बाजूला फिरायचं ते पहिला ० आहे की १ यावर ठरतं. वायरी कमी लागतात, पण वेळ जास्त, इतरांचं गेट काही दहा नॅनोसेकंदांत उरकतं तिथे याला काहीशे लागतात.

या सगळ्यात जी कटकट आहे तिचं नाव झेडझेड. क्यूबिट फ्रिक्वेन्सीनं लांब ठेवले, अदलाबदल थांबली, तरी वरच्या पायऱ्यांच्या आडून थोडासा संबंध उरतोच, शेजारी १ वर असेल तर आपली फ्रिक्वेन्सी किंचित बदलते आणि ० वर असेल तर नाही. चाळीतल्या पातळ भिंतीसारखं आहे हे, दार लावलं तरी शेजारचा रेडिओ ऐकू येतोच. किंचित म्हणजे किती, तर १०० किलोहर्ट्झ झेडझेड असेल तर काहीही न करता नुसतं ५ मायक्रोसेकंद बसलं की पूर्ण सीझेड होऊन जातं, न मागता. आता चिपवर शंभर क्यूबिट, प्रत्येकाला तीनचार शेजारी, आणि सगळ्यांच्या फ्रिक्वेन्सी त्या दोनेक गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बसवायच्या, त्यात जंक्शनचा थर बनवताना थोडा इकडेतिकडे झाला की फ्रिक्वेन्सी सरकते आणि दोन शेजारी नेमके आपटतात. आयबीएमनं यावर दोन उपाय केले. एक, शेजारीच कमी ठेवायचे, त्यांच्या हेवी हेक्स जाळीत कुठल्याही क्यूबिटला तीनपेक्षा जास्त शेजारी नसतात, २०२१ ची १२७ क्यूबिटांची ईगल चिप अशीच आहे. दुसरा, बनवून झालेल्या चिपवर एकेक जंक्शन लेझरनं तापवून फ्रिक्वेन्सी जागेवर आणायची.

कायमचा उपाय म्हणजे कपलिंगलाच बटण लावणं, ट्यूनेबल कपलर. सांता बार्बराच्या गटानं २०१४ ला जीमॉन नावानं एक प्रकार आणला, त्यात दोन क्यूबिटांमधलं इंडक्टिव्ह कपलिंग जंक्शननं कमीजास्त करता येत होतं. पण ज्याची नंतर सगळीकडे नक्कल झाली ती एमआयटीतून २०१८ ला मांडलेली रचना, आणि ती इतकी साधी आहे की आधी कुणाला कशी सुचली नाही असं वाटतं. दोन क्यूबिटांच्या मध्ये तिसरा ट्रान्समॉन ठेवायचा, त्याच्यावर गणित करायचंच नाही, तो फक्त कपलर. आता दोन क्यूबिटांमध्ये दोन वाटा झाल्या, एक थेट कॅपॅसिटरची आणि एक कपलरमधून. कपलरची फ्रिक्वेन्सी दोघांच्या वर ठेवली की कपलरमधल्या वाटेचं चिन्ह थेट वाटेच्या उलट येतं. म्हणजे कपलर वरखाली करून एक जागा अशी मिळते की दोन्ही वाटा एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं शून्य. कपलर थोडा खाली आणला की कपलिंग चालू. थेट कॅपॅसिटर काढून टाकण्यापेक्षा तो मुद्दाम ठेवून त्याच्याविरुद्ध दुसरी वाट उभी करायची, यात खरी हुशारी आहे. गूगलच्या २०१९ च्या सिकमोर चिपमध्ये हेच आहे, चिपवर एकूण १४२ ट्रान्समॉन, त्यातले ५४ क्यूबिट आणि ८८ कपलर, म्हणजे कामगारांपेक्षा बटणंच जास्त. एक क्यूबिट बिघडलेला निघाला म्हणून प्रत्यक्षात ५३ क्यूबिट आणि ८६ कपलर वापरले, आणि दोन क्यूबिटांचं गेट १२ नॅनोसेकंदांत. आयबीएमसुद्धा शेवटी इकडेच आली, २०२३ च्या १३३ क्यूबिटांच्या हेरॉन चिपमध्ये ट्यूनेबल कपलर आहेत. फुकट काही नाही अर्थात, प्रत्येक कपलरला फ्रिजमधून खाली येणारी स्वतःची कंट्रोल लाइन लागते.

किती जण जोडायचे हा वेगळा प्रश्न. चौकोनी जाळीत चार शेजारी असतात आणि सरफेस कोड नावाच्या एरर करेक्शनला तेवढे पुरतात, २०२४ च्या शेवटी गूगलनं १०५ क्यूबिटांच्या विलो चिपवर दाखवलं की कोड मोठा केला तर चुका कमी होतात, वाढत नाहीत. पण बाकीच्या अल्गोरिदमांना लांबचे क्यूबिट जोडायला मध्ये स्वॅपवर स्वॅप, म्हणजे शेजाऱ्यांच्या स्थितींची अदलाबदल, मारत जावं लागतं आणि प्रत्येक स्वॅप म्हणजे साधारण तीन सीनॉट. कॅनडात सुरू झालेल्या डी-वेव्ह कंपनीचं पेगासस रचनेचं यंत्र गेट चालवत नाही, ते ॲनीलिंग करतं, म्हणजे सगळ्या क्यूबिटांना हळूहळू कमीत कमी ऊर्जेच्या स्थितीकडे नेतं, तिथे क्यूबिट लांब लूपचे असतात, त्यांना फ्लक्स क्यूबिट म्हणतात, आणि एकमेकांना ओलांडून जातात, त्यामुळं या रचनेत एका क्यूबिटला १५ जोडण्या मिळतात.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत म्हणजे टीआयएफआरमध्ये विजयराघवन यांच्या गटानं या प्रश्नावर स्वतःची दोन उत्तरं काढलीत. पहिलं ट्रायमॉन, २०१७ चं. चार जंक्शनांचं एक लूप, त्याच्या कंपनांचे तीन प्रकार, प्रत्येक प्रकार हा एक क्यूबिट, आणि तिघांमध्ये झेडझेड कायम चालू आणि चांगलं जोरदार. म्हणजे बाकीचे जे मारायला बघतात तेच इथे हत्यार. प्रत्येक क्यूबिटची फ्रिक्वेन्सी बाकी दोघांच्या स्थितीवर ठरते, चार शक्यता, म्हणून चार फ्रिक्वेन्सी, तिघांच्या मिळून बारा, आणि योग्य फ्रिक्वेन्सीचा एकच पल्स मारला की तीन क्यूबिटांचं गेट होतं जे इतरांना पाचसहा गेटं जोडून करावं लागतं. फक्त हे तिघांपुरतंच, असंच मोठं करत नेता येत नाही. दुसरं उत्तर रिंग रेझोनेटर, २०२१ चं. बस सरळ पट्टीऐवजी गोल करायची आणि क्यूबिट परिघावर सारख्या अंतरानं बसवायचे. दोन क्यूबिटांमध्ये रिंगवरून दोन बाजूंनी वाट असते आणि दोन्ही मिळून कपलिंग ठरतं, काही ठरावीक जोड्यांत ते जवळजवळ नाहीसं होतं, पण १२ क्यूबिटांच्या रिंगमध्ये प्रत्येकाला ९ जण जोडता येतात, आणि चिप बनवताना कुठलाही जास्तीचा थर लागत नाही. याच रिंगच्या रचनेवरचा ६ क्यूबिटांचा प्रोसेसर २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण चाचणी होऊन जाहीर झाला. क्यूबिट टीआयएफआरचे, कंट्रोल आणि मोजमापाची यंत्रणा पुण्याच्या डीआरडीओच्या क्वांटम टेक्नॉलॉजीवाल्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेची आणि क्लाउडवरून प्रोग्रॅम पाठवायची सोय टीसीएसची. सहा हा आकडा गूगल-आयबीएमपुढे लहान दिसतो हे खरंय, पण कपलिंगची रचना बाहेरून उचललेली नाहीये, इथलीच आहे.

एका चिपवर मावेनासं झालं की चिपला चिप जोडावी लागणार. त्या चिप लांब, वेगळ्या फ्रिजमध्ये असतील तर कॅपॅसिटर किंवा बस चालत नाही, खरा मायक्रोवेव्ह फोटॉन सोडायचा, पलीकडच्या क्यूबिटनं तो पकडायचा, आणि मधली वाटही फ्रिजइतकीच थंड ठेवायची, नाहीतर उष्णतेचेच फोटॉन भरून जातात. झुरिकच्या ईटीएचमध्ये २०२० ला ५ मीटरची अशी थंड नळी करून दोन फ्रिजमधले क्यूबिट एंटँगल केले. नंतर तीच ३० मीटरपर्यंत लांबवली आणि २०२३ मध्ये तिच्या दोन टोकांच्या क्यूबिटांवर बेल टेस्ट, म्हणजे त्यांच्यातला संबंध क्वांटमशिवाय समजावता येत नाही हे तपासणारी चाचणी, करून दाखवली. तीस मीटर जायला उजेडाला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात आणि दोन्हीकडची मोजमापं त्या थोडक्या वेळात उरकायची होती, नाहीतर एका टोकानं दुसऱ्याला कळवलं असेल ही शंका उरलीच असती.