क्रेडिट नेमकं कशाचं कापलं जातं? ट्रान्झॅक्शन मॉनिटरिंगच्या हिशेबाची पार्श्वभूमी

ट्रान्झॅक्शन मॉनिटरिंग म्हणजे ग्राहकासारखं लॉगिन, शोध, खरेदी करत वेबसाइट नीट चालते का हे स्क्रिप्टने, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञांनी, पुन्हा पुन्हा तपासणं. स्क्रिप्ट एकदा चालली की तो एक रन, आणि सेवा देणारे त्याचे पैसे ‘क्रेडिट’ या एककात कापतात. दर पाच मिनिटांनी एक रन म्हणजे तासाला १२, दिवसाला २८८ आणि ३० दिवसांच्या महिन्यात ८,६४०. इथवर भांडण नाही. भांडण आहे ते एका रनला किती क्रेडिट लागतात यावर. बिल हातात पडल्यावर डोकं खाजवावं लागतं ते त्यामुळेच.

सुरुवातीला मोजण्यासारखं फारसं काही नव्हतं. १९८३ मध्ये आलेलं पिंग पलीकडचं मशीन उत्तर देतंय का एवढंच विचारायचं. पुढे वेबवर दुकानं आणि बँका आल्या, तेव्हा बाहेरून पान मागवून ते किती वेळात येतं हे पाहण्याची सेवा विकली जाऊ लागली. एक पत्ता, एक मागणी, एक मोजणी. पान हेच एकक होतं आणि ते कोणालाही समजत होतं.

ते मोडलं २००५ च्या आसपास. ‘एजॅक्स’ हा शब्द त्याच वर्षी रूढ झाला आणि पान न बदलता आतला मजकूर बदलू लागला. ग्राहक लॉगिन करतो, वस्तू शोधतो, ती टोपलीत टाकतो, पण पान तेच. मग पैसे कशाचे लावायचे? खरा ब्राउझर स्क्रिप्टने चालवण्याची सेलेनियमसारखी साधनं नुकतीच, २००४ पासून, हाताशी आली होती. त्यातून ‘स्टेप’ हे नवं एकक आलं आणि गोंधळही त्याच्याबरोबरच आला.

कारण स्टेप म्हणजे काय, हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवलं. नाव टाइप करणं, पासवर्ड टाइप करणं, बटण दाबणं, या तीन स्टेप की ‘लॉगिन’ ही एक? कुठे प्रत्येक कमांड मोजली जाते. कुठे स्क्रिप्ट लिहिणारा ज्या गटाला नाव देईल तो गट. कुठे ठरावीक स्टेपपर्यंत एकच रन धरतात आणि त्यावर एक जरी वाढली तरी दुसरा रन. लॉगिन, शोध, टोपली, लॉगआउट अशी साधी स्क्रिप्ट घ्या. गटाने मोजली तर ४ स्टेप, कमांडने मोजली तर सहज ११. एका स्टेपला एक क्रेडिट धरलं, तर महिन्याला ३४,५६० क्रेडिट किंवा ९५,०४०. स्क्रिप्ट तीच, साइट तीच. मोबाइलच्या मिनिटाच्या पल्सची आठवण येते: ६१ सेकंद बोललात तरी दोन मिनिटांचे पैसे. आपल्याकडे २००९ मध्ये सेकंदावर आकारणीचे प्लॅन आले, तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपण न बोललेल्या सेकंदांचेही पैसे भरत होतो. इथे तसा क्षण अजून आलेला नाही.

याहून वादग्रस्त आहे रीट्राय. रन फसला की खोटा अलार्म जाऊ नये म्हणून तो लगेच पुन्हा चालवतात, बहुधा दुसऱ्या लोकेशनवरून, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरवरून. त्याचे क्रेडिट कापायचे का? सेवा देणाऱ्यांचं म्हणणं, ब्राउझर तर चालला, खर्च तर झाला. ते खोटं नाही. पण साइट पडलेली असताना मीटर दुप्पट वेगाने पळावा, हे ग्राहकाच्या गळी उतरणं कठीणच. पहिला रन दुसऱ्याच स्टेपला अडकला आणि तरी चारही स्टेपचे क्रेडिट गेले, तर जखमेवर मीठ.

लोकेशनचा भाग त्या मानाने सरळ. तीन लोकेशन आळीपाळीने वापरली तर क्रेडिट वाढत नाहीत. तिन्हीकडून दर पाच मिनिटांनी चालवलं तर ३४,५६० चे १,०३,६८० होतात. सेटिंगमधली ही एक खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

२०१७ मध्ये क्रोम पडद्याविना चालू लागला आणि ब्राउझर चालवणं स्वस्त झालं. त्यानंतर वेळेवर आकारणीची पद्धतही दिसू लागली: स्टेप कितीही असोत, ब्राउझर जितका वेळ उघडा तितके क्रेडिट. स्टेपच्या व्याख्येचा घोळ त्यात नाही, म्हणून ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. फक्त साइट मंदावली की बिल वाढतं.

भारतात आणखी एक गोष्ट घडली. ऑनलाइन कार्ड व्यवहारांना २००९ पासून दुसरी पडताळणी सक्तीची झाली. ओटीपी स्क्रिप्टच्या हाती सहजासहजी लागत नाही, त्यामुळे इथल्या बहुतेक स्क्रिप्ट पैसे भरण्याच्या पानाच्या उंबरठ्यावर थांबतात. नाव ‘ट्रान्झॅक्शन’ असलं तरी व्यवहार पुरा होत नाही. क्रेडिट मात्र पुरेच जातात.

आणि ३१ तारीख. तिन्ही लोकेशनवर चाललेल्या त्याच चार स्टेपच्या स्क्रिप्टला त्या एका दिवसात ३,४५६ क्रेडिट जास्तीचे लागतात. ३० दिवसांच्या हिशेबाने मोजूनमापून कोटा घेतला असेल, तर ३१ तारखेला एक तर जादा बिल येतं, नाही तर मॉनिटरिंग बंद पडतं आणि ते बंद आहे हे सांगणारा अलार्मही वाजत नाही.