पाळीव डुकराचं आतडं लांब असतं, हे आलं कुठून?

पाळीव डुकराचं आतडं रानडुकरापेक्षा लांब असतं असं बिनधास्त सांगितलं जातं, पण मूळ आकडे कुणाचे ते कोणी सांगत नाही. ते फ्रान्सच्या क्युव्हिए या प्राणिशास्त्रज्ञाचे, आणि गाजले डार्विनमुळे. १८६८ च्या पुस्तकात त्याने दिलंय की रानडुकराचं आतडं शरीराच्या लांबीच्या ९ पट, साध्या पाळीव डुकराचं साडेतेरा पट आणि सयामी जातीचं तर १६ पट. माणसाने जे खायला घातलं त्यानेच हे झालं असं त्याचं मत, फक्त सयामीबद्दल तो जरा जपून बोलतो, की ती वेगळ्या प्रजातीतून आली असेल नाहीतर फार आधीपासून पाळलेली असेल.

पण गोम अशी की हे आकडे लहान-मोठं धरून अख्ख्या आतड्याचे आहेत, नुसत्या लहान आतड्याला ते चिकटवता येत नाहीत. त्यात भागायचं शरीराच्या लांबीने, आणि ती लांबीच माणसाने बदलून टाकली. रानडुकराच्या छाती-कमरेचे मणके मिळून १९, लार्ज व्हाइट नि लँडरेस या फार्मवरच्या जातींमध्ये साधारण २१-२२, कारण बेकनसाठी लांब पाठीची डुकरं निवडत गेले. मग क्युव्हिएच्या काळचं गुणोत्तर आजच्या डुकराशेजारी ठेवून काय कळणार? शिवाय मेलेलं आतडं ओढलं की लांबतं, म्हणून टेबल ओलं करून त्यावर न ताणता पसरायचं आणि मग मोजायचं, नाहीतर मोजणाऱ्याच्या हातावर मीटरभर इकडेतिकडे सहज होतं.

नंतर लोक लांबी सोडून मायक्रोस्कोपकडे वळले, आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, व्हिलाय, अन्न शोषायचं काम त्यांचं. रानडुकरीण पिल्लांना तीन-चार महिने पाजते, हळूहळू दूध सुटतं. फार्मवर मात्र तीन-चार आठवड्यांतच एकदम तोडतात (युरोपात नियम २८ दिवसांचा, काही अटींवर २१), आणि त्यानंतर काही दिवसांतच व्हिलाय आखूड होतात, पिल्लू नीट खात नाही, हगवण लागते. त्यावर खाद्यात भरपूर झिंक ऑक्साइड घालायचे, ते युरोपियन युनियनने जून २०२२ पासून बंद केलं, वाढीसाठीची अँटिबायोटिक्स तर २००६ लाच गेली होती. औषधांचा आधार गेल्यावर आतडं मुळात कसं चालतं हे बघणं भागच पडलं, आणि रानडुकराशी तुलना तिथे कामाला येते, फक्त दोघांना एकच खाद्य देऊन एकाच वयात तपासलं तरच, नाहीतर फरक रक्तातला की खुराकाचा ते कळत नाही.